लेखिकेचे दुसरे पुस्तक : व्हिक्टोरियन कादंबरीकार स्त्रिया, मराठी लेखिका आणि त्यांचे प्रकाशक

प्रास्ताविक

महाविद्यालयीन वर्गात कादंबरी शिकविताना कथानक, पात्रे, वातावरण आणि भाषा या चार गोष्टींचा विचार होतो. कादंबरी छापली कोणी, हस्तलिखित त्याच्याकडे कसे पोहोचले, लेखिकेला मोबदला मिळाला की तिलाच पदरचे पैसे भरावे लागले, तिचे नाव मुखपृष्ठावर का आले किंवा का आले नाही, हे प्रश्न सहसा अभ्यासक्रमाबाहेरचे मानले जातात. स्त्रियांच्या लेखनाच्या बाबतीत मात्र या प्रश्नांना बगल देणे म्हणजे अर्धाच इतिहास शिकविणे होय. पुस्तक लिहिणे लेखिकेच्या हाती असते. ते वाचकापर्यंत नेणे मात्र गेल्या दोनशे वर्षांत बहुतांशी पुरुषांच्या हाती राहिले आहे.

प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार स्त्रिया व त्यांचे प्रकाशक यांच्या संबंधांचा विचार केला असून, त्याच्या प्रकाशात मराठी लेखिकांचा अनुभव तपासला आहे. भैंसा, मुधोळ, धर्माबाद, नांदेड या पट्ट्यात इंग्रजी, मराठी व उर्दू ही तिन्ही साहित्ये एकाच शहरात शिकविली जातात. म्हणून शेवटी उर्दूतील एका उदाहरणाचाही उल्लेख केला आहे. निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे : लेखिकेचे पहिले पुस्तक तिच्या धैर्यावर निघू शकते; दुसरे पुस्तक निघेल की नाही हे पुष्कळदा पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशकाच्या वर्तनावर ठरते.

इंग्लंडमधील ग्रंथव्यवहाराची चौकट

व्हिक्टोरियन काळात नवी कादंबरी साधारणतः तीन खंडांत निघत असे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. ही किंमत सामान्य वाचकाला परवडणारी नव्हती. म्हणून वाचक वर्गणी भरून फिरत्या ग्रंथालयातून पुस्तके आणीत. चार्ल्स एडवर्ड मूडी याने १८४२ मध्ये सुरू केलेले ग्रंथालय यांत सर्वांत मोठे. मूडीने एखाद्या कादंबरीच्या शेकडो प्रती घेतल्या तर प्रकाशकाचा खर्च निघे. त्याने ती कुटुंबात वाचण्यास अयोग्य ठरविली तर पुस्तक पडून राही. साहजिकच काय छापावे याचा विचार करताना प्रकाशकाची एक नजर मूडीकडे असे. तीन खंडांची ही पद्धत १८९४ नंतर मोडली.

दुसरी बाब कायद्याची. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांपूर्वी इंग्लंडमधील विवाहित स्त्रीच्या कमाईवर पतीचा हक्क असे. एलिझाबेथ गॅस्केल यांना १८५० मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकाकडून ‘लिझी ली’ या कथेबद्दल वीस पौंड मिळाले, तेव्हा ती रक्कम पतीने शांतपणे आपल्या खिशात घातल्याचे त्यांनी एका पत्रात विनोदाने नमूद केले आहे. गॅस्केल यांचे कुटुंबजीवन सलोख्याचे होते, म्हणून ही गोष्ट विनोदाची ठरली. कॅरोलिन नॉर्टन या पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या लेखिकेच्या बाबतीत तोच कायदा जाचक ठरला. पतीने त्यांच्या लेखनाच्या उत्पन्नावर हक्क सांगितला. तात्पर्य, प्रकाशकाने प्रामाणिकपणे पैसे दिले तरी ते लेखिकेच्याच हाती राहतील याची कायद्याला हमी नव्हती.

न्यूबी आणि स्मिथ : एकाच घरातील दोन अनुभव

प्रकाशकाच्या वर्तनाने काय फरक पडतो हे पाहण्यासाठी ब्राँटे भगिनींइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. तिघी बहिणी एकाच घरात, एकाच टेबलाभोवती लिहीत होत्या, परंतु त्यांना प्रकाशक दोन मिळाले.

१८४६ मध्ये शार्लट, एमिली आणि अ‍ॅन यांनी करर, एलिस व अ‍ॅक्टन बेल या टोपणनावांनी आपल्या कवितांचा संग्रह स्वखर्चाने छापून घेतला. पहिल्या वर्षात त्याच्या अवघ्या दोन प्रती खपल्या. बेल ही नावे स्त्रीची की पुरुषाची हे चटकन समजू नये अशीच निवडलेली होती. स्त्रीचे लेखन म्हटले की समीक्षक एक तर सवलत देतात किंवा झोडपतात, हे त्यांना ठाऊक होते.

त्यानंतर एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ आणि अ‍ॅनची ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ या कादंबऱ्या थॉमस कॉटली न्यूबी या लंडनच्या प्रकाशकाने स्वीकारल्या, परंतु लेखिकांनी पन्नास पौंड आगाऊ भरावेत या अटीवर. पैसे घेतल्यानंतर त्याने छपाई महिनोन्‌महिने रेंगाळत ठेवली. दरम्यान शार्लटची पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांकडून परत आली होती. स्मिथ, एल्डर आणि कंपनी यांनीही ती नाकारली, पण नकाराचे पत्र इतके आस्थेने लिहिले होते की तिने आपली दुसरी कादंबरी त्यांच्याकडे धाडली. ती ‘जेन एअर’. ऑगस्ट १८४७ मध्ये पाठविलेले हस्तलिखित ऑक्टोबरमध्ये पुस्तकरूपाने बाहेर आले आणि अल्पावधीत गाजले. बेल या नावाला भाव येताच न्यूबीनेही डिसेंबरमध्ये अडवून ठेवलेल्या दोन्ही कादंबऱ्या घाईने बाजारात आणल्या. त्या मुद्रणदोषांनी भरलेल्या होत्या.

१८४८ मध्ये न्यूबीने याहून पुढचे पाऊल टाकले. अ‍ॅनची दुसरी कादंबरी ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ ही ‘जेन एअर’च्याच लेखकाची आहे, असे त्याने अमेरिकेतील प्रकाशकाला भासविले. करर बेलने शब्द मोडला की काय, अशी शंका स्मिथ यांना आली. तेव्हा जुलै महिन्यात शार्लट आणि अ‍ॅन रात्रीच्या आगगाडीने लंडनला गेल्या आणि आपण दोन वेगळ्या व्यक्ती आहोत, हे स्मिथ यांच्या कार्यालयात समक्ष हजर राहून त्यांना सिद्ध करावे लागले. टोपणनावाची ढाल अशा रीतीने प्रकाशकाच्या लबाडीमुळे खाली ठेवावी लागली. एमिलीला हे उघड होणे मुळीच पसंत नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एमिलीचे आणि मे १८४९ मध्ये अ‍ॅनचे निधन झाले. न्यूबीकडून त्यांना न्याय्य हिशेब कधीच मिळाला नाही.

याउलट जॉर्ज स्मिथ यांनी शार्लटला हॉवर्थच्या एकांतात पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या, लंडनमध्ये लेखकांशी गाठी घालून दिल्या आणि तिचे लेखन चालू ठेवले. तथापि स्मिथ यांनाही निव्वळ उपकारकर्ते मानणे चूक ठरेल. ‘व्हिलेट’ या १८५३ च्या कादंबरीसाठी शार्लटची अपेक्षा सातशे पौंडांची होती. ‘जेन एअर’ने कंपनीला मोठी कीर्ती मिळवून दिली असतानाही तिला पाचशेच मिळाले. सौजन्य एक गोष्ट आहे आणि हिशेब दुसरी. एकाच प्रकाशकात पहिली पुरेपूर आणि दुसरी बेताची असू शकते.

आणखी एक बाब अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. १८५० मध्ये स्मिथ यांनी एमिली व अ‍ॅन यांच्या कादंबऱ्यांची नवी आवृत्ती काढली. त्या वेळी शार्लटने एमिलीच्या मजकुरावर हात फिरविला, आणि ‘टेनंट’ मात्र पुन्हा छापणे इष्ट नाही असे मत दिले. म्हणजे लेखिका दिवंगत झाल्यावर तिच्या पुस्तकाचे भवितव्य प्रकाशक आणि नातलग मिळून ठरवितात. हे चित्र केवळ इंग्लंडपुरते नाही.

ब्लॅकवुड आणि जॉर्ज एलियट

दुसरे उदाहरण मेरी अ‍ॅन इव्हान्स म्हणजेच जॉर्ज एलियट यांचे. त्यांची पहिली कथा १८५६ च्या अखेरीस जॉर्ज हेन्री ल्यूइस यांनी आपल्या एका मित्राचे लेखन म्हणून एडिंबरोच्या जॉन ब्लॅकवुड यांच्याकडे पाठविली. ब्लॅकवुड यांना लेखक कोण हे फेब्रुवारी १८५८ पर्यंत ठाऊक नव्हते. कळल्यावर त्यांनी ते गुप्त ठेवले. इव्हान्स या ल्यूइस यांच्यासमवेत विवाहाविना राहत असल्यामुळे नाव उघड झाल्यास कुटुंबवत्सल वाचक पाठ फिरवील, ही भीती खरी होती.

‘अ‍ॅडम बीड’ १८५९ मध्ये निघाली. चार वर्षांच्या हक्कासाठी आठशे पौंड ठरले होते. खप अपेक्षेबाहेर झाला तेव्हा करारात नसतानाही ब्लॅकवुड यांनी वाढीव रक्कम दिली. त्याच सुमारास लिगिन्स नावाच्या एका गृहस्थाला लोक या पुस्तकांचा कर्ता समजू लागले आणि खुलासा करणे भाग पडले. ब्लॅकवुड अस्वस्थ झाले, पत्रव्यवहारात दुरावा आला. परंतु ‘द मिल ऑन द फ्लॉस’ १८६० मध्ये त्यांनीच छापली.

पुढे जॉर्ज स्मिथ यांनी ‘रोमोला’साठी दहा हजार पौंड देऊ केले. एलियट यांनी अधिक हप्त्यांत विभागणी नाकारून सात हजार स्वीकारले. त्या कादंबरीला अपेक्षित यश लाभले नाही. १८६६ च्या ‘फीलिक्स होल्ट’साठी त्या ब्लॅकवुड यांच्याकडे परतल्या व ‘मिडलमार्च’ही (१८७१–७२) तेथूनच आली. येथे एक विसंगती ध्यानात येते. विवाह कायदेशीर नसल्यामुळे समाजाने एलियट यांना दूर ठेवले, पण त्याच कारणाने त्या कायद्याच्या दृष्टीने अविवाहित ठरल्या आणि स्वतःच्या कमाईच्या स्वामिनी राहिल्या. गॅस्केल यांच्यासारख्या प्रतिष्ठित विवाहितेला जे सहज नव्हते ते त्यांना मिळाले.

मराठीतील स्थिती : छापखाना आहे, प्रकाशक नाही

मराठीत याच काळात व्हिक्टोरिया राणीचेच राज्य होते, परंतु मूडीचे ग्रंथालय नव्हते, तीन खंडांची कादंबरी नव्हती आणि हजारो पौंडांचा व्यवहारही नव्हता. पुस्तक छापावयाचे तर छापखान्याचे बिल चुकते करावे, वर्गणीदार जमवावेत किंवा मासिकातून क्रमशः प्रसिद्धी मिळवावी, एवढेच मार्ग होते.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. ही कादंबरी नव्हे, निबंध होय. परंतु प्रकाशनाच्या प्रश्नाचा मूळ नमुना येथे दिसतो. पुस्तकावर लेखिकेचे खरे नाव आहे, आडपडदा कोणताही नाही. टीका झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. परंतु दुसरी आवृत्ती काढणारा, पुढचे हस्तलिखित मागणारा, टीकेचा मारा चालू असताना लेखिकेच्या मागे व्यवसाय म्हणून उभा राहणारा प्रकाशक त्यांना नव्हता. ताराबाईंचे हे एकमेव पुस्तक ठरले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मध्ये ९३ वर्षे लोटली होती. धैर्याची उणीव ताराबाईंमध्ये नव्हती. उणीव होती ती त्या धैर्याला पुढे नेणाऱ्या व्यवस्थेची.

काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांची स्थिती तुलनेने अनुकूल होती. पती गोविंद वासुदेव कानिटकर स्वतः साहित्यिक व संपादक, आणि हरि नारायण आपटे हे स्नेही व मार्गदर्शक. ‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी १८८६ च्या सुमारास मासिकातून येऊ लागली, पण पूर्ण पुस्तक निघण्यास १९०३ साल उजाडले. दुसरी कादंबरी ‘पालखीचा गोंडा’ १९२८ मध्ये आली. पहिल्या व दुसऱ्या कादंबरीत २५ वर्षांचे अंतर! ब्लॅकवुड यांनी एलियट यांच्या दोन कादंबऱ्या दोन वर्षांत छापल्या, त्याच्याशी हे अंतर ताडून पाहावे. काशीबाईंना प्रोत्साहन होते, मासिकाची पाने होती. परंतु हे सारे घरगुती स्नेहाच्या वर्तुळातले होते. मासिक बंद पडले की लेखनही अडते, संसाराचे काम आले की हप्ता मागे पडतो. व्यावसायिक प्रकाशकाची मागणी ही लेखिकेला जाच वाटू शकते. तथापि घरच्यांसमोर लेखनासाठी वेळ मागण्याचे ते एक सबळ कारणही असते.

विभावरी शिरूरकर आणि ह. वि. मोटे

मराठीत ब्राँटे भगिनींच्या अनुभवाशी खऱ्या अर्थाने तुलना करता येईल असे उदाहरण १९३३ मधील आहे. त्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. प्रकाशक ह. वि. मोटे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनातील इच्छा आणि कुचंबणा या कथांत उघडपणे आली होती. महाराष्ट्रात खळबळ माजली. विभावरी कोण, ती बाई की पुरुष, याचे तर्क सुरू झाले. पुरुषाखेरीज असे कोण लिहील, हा सूर इंग्लंडमध्ये ‘वुदरिंग हाइट्स’च्या वेळी निघाला होता तसाच येथेही निघाला.

या नावामागे बाळूताई खरे (१९०५–२००१) होत्या. विवाहानंतर १९३८ पासून त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. महर्षी कर्वे यांच्या संस्थेच्या शिक्षणातून घडलेल्या या लेखिका त्या वेळी शिक्षिका होत्या. विशेष म्हणजे ‘अलंकार-मंजूषा’सारखे अभ्यासपूर्ण पुस्तक त्यांनी खऱ्या नावाने आधीच प्रसिद्ध केले होते. दागिन्यांवर स्त्रीने आपल्या नावाने लिहावे, याला समाजाची हरकत नव्हती. तिने मनावर लिहिले की टोपणनाव लागत होते. नोकरी मुलींच्या शाळेतली असल्यामुळे नाव फुटणे म्हणजे उपजीविकाच धोक्यात येणे होते.

ते नाव वादळाच्या काळात प्रकाशकाने सांभाळले. खळबळीचा फायदा घेऊन नाव फोडणे हा न्यूबीचा मार्ग मोटे यांना खुला होता. त्यांनी तो पत्करला नाही. पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ आणि १९३५ मध्ये ‘विरलेले स्वप्न’ ही पुस्तके आली. म्हणजे वादळाच्या ऐन भरात तीन वर्षांत तीन पुस्तके. ताराबाईंची पाचशे प्रतींवर थांबलेली वाट आणि विभावरींची ही वाट यांत काळाचा फरक आहे, शिक्षणाचा आहे, वाचकवर्गाचाही आहे. परंतु प्रकाशकाच्या असण्या-नसण्याचा फरक त्यांहून कमी नाही. १९५० मध्ये सोलापूरच्या गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीतील अनुभवावर आधारलेली ‘बळी’ ही कादंबरी आली, ती याच नावाने. सक्तीने घेतलेले टोपणनाव तोवर कमावलेले नाव झाले होते.

तरीही या संबंधाचे केवळ गौरवगान करणे योग्य नव्हे. गूढ नाव हे लेखिकेचे संरक्षण असते तसे पुस्तकाची जाहिरातही असते. कुतूहलाने खप वाढतो आणि त्याचा लाभ प्रकाशकालाही होतो. दुसरे असे की, येथे हमी होती ती एका माणसाच्या सचोटीची. ब्राँटे भगिनींना एका वेळी न्यूबी आणि स्मिथ दोघेही भेटले, यावरून अशी सचोटी योगायोगावर सोडण्याची गोष्ट नाही, हे उघड होते.

उर्दूतील एक समांतर उदाहरण

पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी नझीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’पासून प्रेरणा घेऊन १८८१ मध्ये ‘इस्लाहुन्निसा’ ही कादंबरी लिहिली. ती छापली गेली १८९४ मध्ये, मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर. पुस्तकावर लेखिकेचे स्वतःचे नाव नव्हते. मुहम्मद सुलेमान यांची आई अशी तिची ओळख होती. तेरा वर्षे हस्तलिखित घरात राहिले.

येथे कायद्याचा मुद्दा पुन्हा पाहण्याजोगा आहे. मुस्लिम कायद्याने विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर व कमाईवर तिचाच हक्क असतो. पतीला तो पोहोचत नाही. १८८१ साली इंग्लंडमधील विवाहित लेखिकेचे हक्क अपुरेच होते, त्या वेळी रशीदुन्निसा यांना हा हक्क तत्त्वतः होता. परंतु हक्क बजावण्यासाठी आधी कमाई हवी, कमाईसाठी छापील पुस्तक हवे आणि पुस्तकासाठी प्रकाशकाच्या दारापर्यंत जाता यायला हवे. हक्क कायद्यात असणे आणि व्यवहारात हाती येणे यांतील अंतर येथे दिसते.

हे अंतर कमी करण्याचा एक मार्ग स्त्रियांनी स्वतःच शोधला : आपले नियतकालिक आपण काढणे. मुहम्मदी बेगम यांनी १८९८ मध्ये लाहोरहून ‘तहजीबे निस्वाँ’चे संपादन सुरू केले. पुढे हैदराबादेत सुघरा हुमायूँ मिर्झा यांनी ‘अन्निसा’ चालविले व कादंबऱ्याही लिहिल्या. भैंसा व मुधोळ हा भाग १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्यातील नांदेड जिल्ह्यात होता. तेव्हा हा वारसा येथील अध्यापकांना परका नाही.

समारोप

वरील उदाहरणांवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, टोपणनाव हे लेखिकेच्या भित्रेपणाचे लक्षण नसून व्यवहारी शहाणपणाचे साधन होते, आणि त्याची किल्ली प्रकाशकाकडे असे. दोन, प्रकाशकाचे सौजन्य मोलाचे असले तरी ते हिशेबाची आणि लेखी कराराची जागा घेऊ शकत नाही. तीन, साहित्याच्या इतिहासात ज्या लेखिका एका पुस्तकावर थांबल्या असे दिसते, त्यांची प्रतिभा आटली असे म्हणण्यापूर्वी त्यांना प्रकाशक कोण होता, हे पाहणे आवश्यक आहे.

पदरचे पैसे भरून पुस्तक छापून घेण्याची पद्धत आजही गेलेली नाही. पहिला कवितासंग्रह किंवा प्रबंधाचे पुस्तक काढू पाहणाऱ्या कित्येक प्राध्यापिका व विद्यार्थिनी प्रती किती छापणार, हिशेब कधी देणार आणि हक्क कोणाकडे राहणार, हे न विचारताच रक्कम मोजतात. न्यूबीच्या पन्नास पौंडांची गोष्ट त्यांना ‘वुदरिंग हाइट्स’च्या तासाला सांगितली गेली, तर ती परीक्षेपलीकडे उपयोगी पडेल. तसेच ‘कळ्यांचे निःश्वास’ शिकविताना १९३३ या सालापाशी न थांबता १९३४ आणि १९३५ ही सालेही फळ्यावर लिहावीत. एखाद्या लेखिकेला समाजाने कसे वागविले, याचे उत्तर तिच्या पहिल्या पुस्तकावरील टीकेत जेवढे मिळते, तेवढेच ते तिचे दुसरे पुस्तक कधी निघाले यातही मिळते.